सरांची तोंडी परीक्षा घेऊ नका

दहावी १९८५च्या तुकडीला लिहिते आहे. सगळ्यांना. हे आपल्यासाठी नाही असं ज्याला वाटेल त्याने दोनदा वाचावं.

गुरुपौर्णिमेला तुम्ही घोळक्याने घरी आलात. सरांना शाल घातलीत, नारळ दिलात, पाया पडलात. तिथवर ठीक. मग त्यांच्या खुर्चीभोवती कोंडाळं केलंत आणि एकेक जण पुढे येऊन विचारायला लागलात, "सर, ओळखलं का? सांगा बघू, मी कोण?" एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरी. नाव आलं नाही की एकमेकांकडे बघायचं, हळहळायचं, आणि सरांच्या तोंडावर मला विचारायचं, "बाई, यांना काही कळतं का हो?"

कळतं. तेव्हाही कळत होतं. तुमच्यातलं कोण पहिल्या बाकावर बसायचं आणि कोण खिडकीपाशी, कोणाचे वडील एसटीत होते, कोणाची सहलीची वर्गणी सरांनी गुपचूप भरली, सगळं त्यांना आठवतं. नावं तेवढी तोंडाशी येत नाहीत. तुम्ही गेलात आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री जेवायला उठले नाहीत.

ज्या माणसाने तुमच्यातल्या ढ पोरालाही कधी वर्गासमोर लाजवलं नाही, उत्तर आलं नाही तर "बस, घरी जाऊन नकाशा बघ" एवढंच म्हटलं, त्याची तुम्ही चाळीस वर्षांनी भर बैठकीत तोंडी परीक्षा घेतलीत. तीही नेमकी त्या विषयाची, ज्यात ते नापास होणार हे उंबरा ओलांडतानाच तुम्हाला ठाऊक होतं. याला भेटणं म्हणत नाहीत.

विज्ञान मीच शिकवलं तुम्हाला. मेंदूची आकृती काढून भागांना नावं द्यायला लावत होते. ती तुम्ही मार्कांपुरती पाठ केलीत, तेव्हा आता पुन्हा ऐका. मेंदूचा डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेक माणसांची भाषाही डाव्या बाजूलाच असते. तिथे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली की उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका फटक्यात जातं. सरांचं तेच झालं. भाषेच्या या नुकसानीला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. पॅरालिसिसचा झटका आलेल्या साधारण तिघांत एकाला तो होतो. म्हणजे तुमच्या गल्लीतही असा कोणीतरी असणार, आणि त्याच्याशीही तुम्ही असेच वागत असणार.

यात बिघाड जिभेत नसतो. शब्द शोधून आणणं, ते ओळीने लावणं, समोरच्याचं भरभर बोलणं पकडणं, वाचणं, लिहिणं, हे सगळं कमीजास्त अडतं. बुद्धी शाबूत असते. माणसांची पारख, मानअपमान जागच्या जागी असतात. एवढं कळलं असतं तर तुमच्यातल्या एका शहाण्याने खिशातून पेन काढून "सर, बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा" असं म्हटलं नसतं. जो शब्द तोंडात येत नाही तो हातात कुठून येणार? त्यात सरांचा उजवा हात निकामी. त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं, दोन रेघा ओढल्या आणि खाली ठेवलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "अरेरे, लिहायलाही विसरले." ते ऐकत होते.

वाचाघात एकाच तऱ्हेचा नसतो, हेही लक्षात ठेवा. सरांना समजतं बरंच, बोलता येत नाही. काहींचं उलट असतं. ते धाडधाड बोलतात, सूर अगदी गप्पांचा असतो, पण शब्द भलतेच येतात किंवा कुठल्याच भाषेतले नसतात, आणि आपण बोलतोय ते समोरच्याला कळत नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. १८७४ साली कार्ल वेर्निके नावाच्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने ही दुसरी तऱ्हा नीट मांडली. त्याला आता दीडशे वर्षं झाली. तरी आपल्याकडे अशा माणसाला वेड लागलं म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात, मांत्रिकाकडे नेतात. तुमच्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनी तरी हे तोंड उघडून थांबवायला हवं.

आता एका माणसाची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय तुम्ही नक्की काय केलंत ते तुम्हाला कळणार नाही. पॅरिसमध्ये लबोर्न्य नावाचा एक कारागीर होता. चांभारांना जोडे बेतायला जे लाकडी साचे लागतात, ते तो बनवायचा. तिशीत त्याची वाचा गेली आणि बिसेत्रच्या रुग्णालयात त्याला ठेवलं. काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच आवाज निघायचा, "तां". बहुतेक वेळा दोनदा, "तां तां". रुग्णालयात सगळे त्याला 'तां' म्हणूनच ओळखू लागले. १८६१च्या एप्रिलमध्ये पाय सडून तो मरणाच्या दारात पोचला, तेव्हा पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याला तपासलं. किती वर्षं इथे आहेस, असं विचारल्यावर त्या माणसाने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर. घड्याळात किती वाजले तेही तो बोटांनी सांगायचा. थोड्याच दिवसांत तो गेला. ब्रोकाने मेंदू उघडून पाहिला तेव्हा डाव्या बाजूला पुढे बिघाड सापडला. त्या जागेला आज ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात, मेंदूविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात ते असतं, आणि तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे.

ब्रोकाचं नाव मोठं झालं, ते व्हायलाच हवं होतं. माझं लक्ष त्या एकवीस वर्षांकडे जातं. मोजता येणारा, वेळ कळणारा, आपलं म्हणणं कोणाला समजलं नाही की चिडणारा हा माणूस एकवीस वर्षं लोकांच्यात राहिला आणि लोकांनी त्याच्या तोंडी अडकलेला आवाज त्याचं नाव करून टाकला. त्याचं पूर्ण नाव आणि त्याचा धंदा जगाला कळला तो तब्बल दीडशे वर्षांनी, कोणीतरी जुनी दप्तरं चाळली तेव्हा.

तुम्ही काय वेगळं केलंत? सरांच्या तोंडी 'बरोबर' हा शब्द अडकला आहे. आनंद झाला तरी 'बरोबर', संताप आला तरी 'बरोबर', नको म्हणायचं असलं तरी 'बरोबर'. तुम्ही त्याचा व्हिडिओ काढलात. "सर, आमच्या बॅचचं नाव काढलं ना आम्ही?" "बरोबर, बरोबर." खाली 'सरांचा आशीर्वाद' असं लिहून सगळीकडे पाठवलात. त्या व्हिडिओत सरांचा डावा हात दिसतो आहे. तळवा तुमच्याकडे करून ते तुम्हाला थांबवत आहेत. हजार वेळा बघितलात म्हणता, एकदाही तो हात दिसला नाही? आजच्या आज तो सगळीकडून काढून टाका.

हा नुसता मानापानाचा प्रश्न नाही. आमच्या नात्यातला एक जण जमिनीचे कागद घेऊन आला होता. "काका, वाटणी मान्य आहे ना?" "बरोबर." लगेच शाईचं पॅड पुढे. मी कागदावर हात ठेवला आणि सरांना उलट विचारलं, "म्हणजे ही वाटणी मान्य नाही ना?" तरीही 'बरोबर'च आलं. मग दोन चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत 'हो' आणि 'नाही' लिहून त्यांच्यासमोर ठेवल्या, जमिनीची आकृती काढून कोणाला कुठला तुकडा ते दाखवलं, आणि घाई न करता पुन्हा विचारलं. सरांनी 'नाही'ची चिठ्ठी उचलली आणि कागद टेबलावरून ढकलून दिले. वाचाघातात 'हो' आणि 'नाही'ची अदलाबदल पुष्कळदा होते. मनात एक, तोंडात दुसरं. म्हणून एकदा विचारून मिळालेलं उत्तर कधीही धरायचं नाही. उलट विचारा, चेहरा बघा, हात बघा, खात्री करा. तुमच्यात वकील आहेत, बँकेतले आहेत. तुमच्या टेबलासमोर असा माणूस आला की सोबत आलेल्याचं तोंड बघून सही-अंगठा घेऊ नका.

आणखी एक गोष्ट बाहेर अंगणात चपला घालताना बोललात. हळू बोललात, पण माझे कान अजून धड आहेत. सर सतराचा पाढा एका दमात म्हणतात, संध्याकाळी रामरक्षा लागली की बरोबरीने म्हणतात, मग पाणी मागता येत नाही म्हणजे काय, थोडं मनावर घेत नसावेत, असं कोणीतरी म्हणालं. कोण ते मला माहीत आहे. ऐक. पाढे, वार, महिने, लहानपणी पाठ झालेली स्तोत्रं, गाणी, आणि शिव्यासुद्धा, या गोष्टी घोटून घोटून आपोआप निघायला लागलेल्या असतात. त्यांना शब्द निवडून वाक्य जुळवावं लागत नाही. 'मला पाणी दे' हे दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आणि तेच तर मोडलं आहे. लबोर्न्यलाही संताप अनावर झाला की एक शिवी स्पष्ट यायची. राग ओसरला की पुन्हा 'तां'. गाणं टिकून राहतं हे बघून बॉस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली एक उपचारपद्धती मांडली. छोटी वाक्यं चालीत म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू चाल काढत न्यायची. सगळ्यांना ती लागू पडत नाही, पण काहींना पडते. सर 'चहा हवा' हे दोन शब्द अशाच चालीत शिकले. त्यासाठी किती महिने घाम गाळला ते तुम्ही पाहिलेलं नाही. मनावर घेत नाहीत, हे पुन्हा या घरात कोणी म्हणायचं नाही.

आता, बोलायचं कसं? हे न शिकता येऊच नका. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला. समोर बसा, तोंड दिसेल असं. सर बहिरे नाहीत, तेव्हा ओरडू नका. तीन वर्षांच्या मुलाशी बोलावं तसे लाडिक हेल काढू नका, ते त्यांना सर्वांत जास्त लागतं. वाक्य लहान ठेवा, पण विषय मोठ्या माणसाचा ठेवा. निवडणूक, पाऊस, धरणाचं पाणी, तुमच्या पोरांचे उद्योग. बोलता बोलता मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवा. "जेवण कसं चाललंय, झोप लागते का, औषधं घेता ना" असा एका दमात मारा करू नका. एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. तुम्हाला शांतता सोसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं आहे. सरांनी ओठ हलवले की लगेच तुम्ही आपल्या पदरचे शब्द त्यांच्या तोंडात घालता. थांबा. त्यांनी तुमच्याकडे बघून हात केला, मदत मागितली, तरच शब्द पुरवा. आणि कळलं नसेल तर कळल्याचं सोंग करून मान डोलावू नका. "नाही समजलं सर, पुन्हा सांगा" म्हणा. खोटी मान त्यांना लगेच ओळखू येते. तुमचा न केलेला गृहपाठ त्यांना दारातून ओळखू यायचा, हे विसरलात काय?

एवढ्याने काय होतं, असं म्हणाल. कॅनडात टोरांटोला ऑरा केगन नावाच्या तज्ज्ञ बाईंनी याचीच चाचणी घेतली आणि २००१ साली ती छापून आली. त्यांनी स्वयंसेवकांना वाचाघात झालेल्या माणसाशी बोलण्याचं शिक्षण दिलं. रुग्णांना काहीही शिकवलं नाही. तरी शिकलेल्या स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांचं संभाषण सुधारलेलं दिसलं. शिकला एक आणि बोलता झाला दुसरा. यावरून समजा, गुरुपौर्णिमेला ज्या गप्पा होऊ शकल्या नाहीत त्यात दोष सरांच्या मेंदूचा किती होता आणि तुमचा किती.

२०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हाचं सांगते. झटका येऊन वर्ष उलटलं होतं. टीव्हीवर वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं दाखवत होते. सर अस्वस्थ झाले. "बरोबर, बरोबर" करत कपाटाकडे हात करायला लागले. औषध दाखवलं, नको. टॉवेल दाखवला, नको. शेवटी वरच्या फळीवरचा जुना शालेय नकाशासंग्रह काढला तेव्हा चेहरा खुलला. डाव्या हाताने पानं उलटत कोकणचं पान काढलं आणि चिपळूणवर बोट ठेवलं. मी म्हटलं, हो, तिथेच पूर आलाय. त्यांनी जोराने मान हलवली, म्हणजे एवढंच नाही. मग भिंतीवरच्या फोटोकडे हात. तुमच्या तुकडीचा निरोप समारंभाचा फोटो. तो उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट ओळीओळीने सरकत मागच्या रांगेतल्या एका मुलीवर थांबलं. लग्न होऊन ती चिपळूणला गेली, हे मी पार विसरून गेले होते. सर विसरले नव्हते. फोन फिरवून फिरवून रात्री उशिरा ती सुखरूप असल्याचं कळलं, तेव्हा कुठे ते झोपले. गुरुपौर्णिमेला तीही आली होती. "सर, सांगा बघू मी कोण" विचारणाऱ्यांत ती तिसरी होती. बाळ, तुझं नाव त्यांना सांगता आलं नाही. पण तुझं गाव बुडतंय हे बघून तुझी चौकशी करा म्हणून या घरात धडपडलेला माणूस तोच होता.

"सहा महिन्यांनंतर यात काही सुधारणा होत नाही, बाई," असंही एकाने सांगितलं. असं सांगणारे डॉक्टरही मला भेटले आहेत, आणि ते ऐकून घरच्यांनी उपचार सोडलेली माणसंही पाहिली आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, हे खरं. पुढे दार बंद होतं, हे खोटं. जर्मनीत दीडशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सगळ्यांच्या झटक्याला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ लोटला होता. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास, असा कसून सराव त्यांच्याकडून करून घेतला आणि रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. आपल्याकडे आठवड्यातून अर्धा तास थेरपी मिळाली तरी नशीब, आणि मग फरक पडत नाही म्हणून तीही बंद. वाचाउपचार करणारी माणसं तालुक्याच्या गावात सहज मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५पासून वाक् आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या रुग्णालयांत स्पीच थेरपिस्ट असतात, आणि आता व्हिडिओ कॉलवर धडे घेता येतात. सरांची थेरपिस्ट तुमच्या मुलींच्या वयाची आहे. ती शिकवते आणि उरलेला सराव घरात आम्ही करतो.

तेव्हा ते वेखंड परत घेऊन जा. मधात उगाळून जिभेला लावा म्हणून कोणी ठेवून गेलंय ते. कबुतराच्या रक्ताने मालिश करणाऱ्याचा नंबरही दिलात. झटक्यानंतर पुष्कळांना गिळायला त्रास होतो, तोंडात घातलेलं श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो आणि त्यात माणूस दगावतो. माझ्या विज्ञानाच्या वर्गात बसलेल्या मुलांनी हे द्यावं, याची मला चीड येते.

स्वीडनच्या टोमास ट्रान्सट्रोमर या कवीची गोष्टही तुम्ही छापून आणली होतीत. १९९० साली झटका, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तरी डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले आणि २०११ साली नोबेल मिळालं. गोष्ट खरी आहे. पण सरांना ती प्रेरणा म्हणून वाचून दाखवू नका. सरांवर नोबेलचं ओझं कशाला? त्या गोष्टीत शिकायचं असेल तर तुम्ही शिका. त्या कवीची बायको मोनिका त्यांच्या मोजक्या शब्दांतून त्यांचं म्हणणं ओळखायची आणि लोकांपर्यंत पोचवायची. संगीतकारांनी नुसत्या डाव्या हाताने वाजवता येतील अशा रचना त्यांच्यासाठी लिहिल्या. बदलले ते भोवतालचे लोक.

तुम्ही सगळे आता पंचावन्न-छप्पनचे. किती जणांना बीपीची गोळी चालू आहे, आणि त्यातल्या किती जणांनी 'बरं वाटतंय' म्हणून ती परस्पर बंद केली आहे? हात वर करायला लावत नाही, पण उद्यापासून पुन्हा चालू करा, डॉक्टरला विचारून. आणि बोलता बोलता कोणाचे शब्द अचानक भलतेच यायला लागले, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, तर लिंबूपाणी देत बसू नका. हातपाय नीट चालत असले आणि नुसतं बोलणं गडबडलं तरी तो झटका असू शकतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. जिथे स्कॅन आहे त्याच रुग्णालयात न्या. वाटेतल्या ओळखीच्या दवाखान्यात थांबू नका.

आता पैशांचं. सरांसाठी तुम्ही निधी गोळा करताय असं कळलं. आम्हा दोघांना पेन्शन आहे, आमचं भागतं. तो पैसा कुठे न्यायचा ते सांगते.

शाळेच्या फाटकाबाहेर चिंचा, बोरं, आवळे घेऊन बसणाऱ्या मावशी आठवतात ना? तुमच्यातल्या निम्म्यांची उधारी त्यांच्याकडे राहून गेली. त्यांनाही झटका आला आणि वाचा गेली. शाल घेऊन तिथे कोणी गेलं नाही. पत्र्याच्या एका खोलीत सुनेजवळ असतात. सून बिचारी दिवसभर कामाला जाते आणि सासूला वेड लागलंय असं समजते, कारण आजवर तिला कोणी काही सांगितलेलंच नाही. मी जाऊन आले. मावशींच्या हातात सुट्या नाण्यांची मूठ दिली, तर त्यांनी दहाची, पाचची, दोनची वेगळी लावून दिली, एकही चुकलं नाही. अक्षरओळख त्यांना कधीच नव्हती, तेव्हा तिथे चिठ्ठ्या चालणार नाहीत. वस्तू समोर ठेवायच्या, चित्रं दाखवायची, हातवारे करायचे. थेरपी तर सोडाच, त्यांना अजून कोणी तपासलेलंही नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि वाचाघाताचा उल्लेख कायद्यात नावानिशी केलेला आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून ते मिळतं, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करायचा. तुमच्यातला एक जण तहसील कार्यालयात आहे, एकीची सून सरकारी दवाखान्यात आहे, एकाकडे गाडी रिकामी उभी असते. मावशींचं हे काम तुम्ही करायचं. निधीतून त्यांची थेरपी सुरू करायची, आणि सुनेला नीट बसवून समजावून सांगायचं की ही बाई वेडी नाही.

ते मार्गी लागलं की आमच्याकडे या. घोळक्याने नाही, एकेकट्याने. आठवड्याला एक जण, पाळी लावून, आणि पाळी चुकवायची नाही. शाल-नारळ आणू नका. आल्या आल्या आपलं नाव आपणच सांगा: "सर, मी अमुक, तमुक सालचा, खिडकीपाशी बसायचो." नकाशासंग्रह टेबलावर काढून ठेवलेला असेल. हल्ली कुठे राहता, कुठे कुठे फिरलात ते त्यात दाखवा आणि सरांचं बोट कुठे जातंय ते बघा. फोन बाहेर ठेवा.

मावशींचं घर माहीत नसेल तर मला विचारा. या रविवारी सकाळी तिथे दोघांनी तरी पोचायचं आहे. कोण जाणार ते शनिवारपर्यंत मला कळवा.